अकरा सुऱ्या पिशवीत घालून मुळशीला

मुळशी म्हटल्यावर धरणाचे फोटो शोधत आलेल्या वाचकांनी इथूनच परत फिरावं, राग नाही. या वेळी मी पौडच्या पुढं गेलोच नाही. सकाळी साडेसातला स्कूटरवर कोथरूडहून निघालो, दुपारी चारच्या आत घरी होतो, आणि अख्खा दिवस भाजी कापायच्या सुऱ्या बघण्यात गेला. स्वयंपाक नव्यानं शिकणाऱ्याला किती आणि कोणत्या सुऱ्या लागतात, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी मात्र थांबावं. मला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी पडला.

कारण सांगतो. पाच महिन्यांपूर्वी माझ्या बायकोच्या, उषाच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. ऑपरेशनं उत्तम झाली, चालणं सुधारलं, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. आमच्याकडे भाजी विळीवर चिरायची पद्धत, आणि विळी म्हटली की खाली बसणं आलं. तिला मोह नको म्हणून मी विळी माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं की यापुढं चिरायचं खातं माझ्याकडे. पस्तीस वर्षं आयतं जेवलेल्या माणसाला शोभेल अशीच ती घोषणा होती.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात तीस वर्षं काढली. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय तिथं टाचण्यांचा डबाही घेतला नाही. त्या सवयीनं मी सुऱ्यांचाही रीतसर अभ्यास केला, अनोळखी लोकांची ढीगभर मतं वाचली, आणि लाकडी ठोकळ्यात खोचलेला अकरा नगांचा संच ऑनलाइन मागवला. त्यात चीज कापायची वेगळी सुरी होती. आमच्याकडे चीज येतं तेच कापलेल्या चकत्यांत. हाडं तोडायचा सत्तूर होता. आम्ही अंडंही खात नाही. ठोकळा ओट्यावर दिसायला मात्र झकास होता. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा स्वतःचा डावा अंगठा कापून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात बँकेतून घरी आलो तर उषाच्याही डाव्या अंगठ्याला पट्टी. बरणीचं झाकण लागलं म्हणाली. त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात अर्धा कोबी दिसला, वेडेवाकडे जाड तुकडे पडलेला. किडका निघाला असेल, असं मी समजलो. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा वाटणात घालणारी बाई ही, पण मी पुढं विचार केला नाही. रात्री ती म्हणाली, "उद्यापासून डबा लावा. स्वयंपाकघराचं मला आता काही विचारू नका."

डबा लागला. भाजी कुठलीही असो, चव एकच. उषा दोन घास खाऊन उठायची. स्वयंपाकघरात ती पाणी प्यायलाही जाईना, सकाळीच बाटली भरून मागायची आणि दिवसभर सोफ्यावर बसून राहायची. नवे गुडघे मिळाले ते बसून राहायलाच की काय, असं झालं होतं. मला भीती वाटायला लागली, हे सरळच लिहितो. मी एकच उपाय ठरवला: तिच्या पद्धतीची, दोऱ्यासारखी बारीक चिरलेल्या कोबीची भाजी आपल्या हातानं करायची आणि तिच्यासमोर ठेवायची. एकदा ती चव आली की बाई आपोआप आत येईल, अशी माझी खात्री होती. अडत होतं ते चिरण्यापाशी.

तेव्हा नामदेव आठवला. हा आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडिंग करायचा. पोलादाला धार कशी बसते हे त्याच्याइतकं कळणारा माणूस मला भेटलेला नाही. गाव भरे, पिरंगुटजवळ. शिवाय त्याची बायको, हिरा वहिनी, लवळ्याला विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. म्हणजे सुरी जाणणारा आणि सुरी चालवणारी एकाच घरात. उषाला बरोबर चल म्हणावं असं काही माझ्या मनात आलं नाही. गेली बारा वर्षं माझ्या प्रत्येक सहलीत ती मागच्या सीटवर असायची, पण त्या दिवशी मी अकरा सुऱ्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि एकटाच निघालो.

रस्त्याचं म्हणाल तर चांदणी चौक आठच्या आत मागं टाका. नंतर कंपन्यांच्या बस आणि कंटेनर सुरू झाले की स्कूटरवाल्याला कोणी विचारत नाही. भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. घाट छोटा आहे, पण उतारावर ट्रकच्या मागं राहणं शहाणपणाचं. खाली उतरल्यावर एका टपरीवर पोहे आणि चहा घेतला, पन्नास रुपयांत काम झालं. घोटावडे फाट्यावरून उजवीकडे आत वळलं की दहा-पंधरा मिनिटांत भरे येतं. भात नुकताच निघाला होता. एका खाचरात पेंढ्या रचलेल्या आणि शेजारच्याच खाचरात प्लॉट विकण्याची पाटी, असं चित्र वाटेवर बऱ्याच ठिकाणी आहे.

नामदेवनं घरामागं चार खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. स्वतः अंगणात धारेचा दगड मांडून बसलेला. माझी पिशवी त्यानं गोणपाटावर उलटी केली, अकरा नग ओळीनं लावले. मग एकेक उचलून अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायला लागला. धार नखावर अडकली तर ठीक, घसरली तर बोथट, अशी त्याची परीक्षा. नऊ घसरल्या.

"साहेब, कंपनीत बी तुमी असंच करायचा," तो म्हणाला. "माल चकाचक पायजे, मग कापू दे न्हाईतर न कापू दे."

त्याच्या मते अकरातल्या आठ बाजूला ठेवायच्या. नव्या माणसाला तीन पुरतात. एक मोठी, जिचं पातं साधारण वीतभर आणि वर दोन बोटं. रोजची भाजी, कांदा, भोपळा सगळं तिच्यावर. एक छोटी, करंगळीपेक्षा थोडी लांब. लसूण सोलायला, मिरचीचं देठ काढायला, बटाट्याचा डोळा काढायला. आणि एक दातेरी, टोमॅटो आणि पावासाठी. घेताना पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का ते बघायचं. अर्ध्यात संपलेलं पातं वर्षभरात मुठीतून खुळखुळायला लागतं. मूठ ओल्या हातानं धरून बघायची, कोरड्या हातात सगळ्याच मुठी बऱ्या वाटतात. काचेच्या बोर्डवर कापायचं नाही, धार आठवड्यात जाते; लाकडाची फळी घ्यायची. उरलेल्या आठांचं काय करू, असं मी विचारलं. पाहुण्यांना दाखवा म्हणाला.

तिन्हींतल्या ज्या दोन बोथट होत्या त्यांना त्यानं पाणी मारत दगडावर धार काढून दिली. वीसएक मिनिटं लागली. धार नसली की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की सुरी घसरते, म्हणून बोट बोथट सुरीनंच जास्त कापतं, हे त्यानं मला दोनदा बजावलं. मला वाटलं, झालं. बोट का कापत होतं ते कळलं, आता घरी जावं. पण नामदेव म्हणाला, पातं मी बघितलं, तुमचा हात हिरा बघेल. निघताना त्यानं नव्या इंद्रायणी तांदळाची पाच किलोची पिशवी स्कूटरला अडकवली आणि स्वतः मागं बसला.

पिरंगुटला थोडं मागं येऊन लवळे फाट्यानं चढ लागतो. वर विद्यापीठांची मोठाली आवारं, वसतिगृहं, झेरॉक्सची दुकानं आणि रिक्षांची रांग. चढावर रिक्षा मिळते पण दर आधी ठरवून घ्या. हिरा वहिनींची खानावळ मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. पत्र्याची शेड, सहा बाकं, नव्वद रुपयांत थाळी: तीन चपात्या, दोन भाज्या, आमटी-भात. दुपारी साठ-सत्तर ताटं होतात. तिकडं गेलात तर बाराच्या आत जेवून घ्या, नंतर उभं राहावं लागतं.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बुटक्या टेबलावर कोबी चिरत होत्या. मी तिथंच थांबलो. मला हवा होता अगदी तसा, दोऱ्यासारखा, पांढरा ढीग त्यांच्यासमोर वाढत होता. विळी कुठंच नव्हती. नामदेवनं माझं काम सांगितल्यावर त्यांनी एक कांदा पुढं सरकवला आणि हातातली सुरी पुसून टेबलावर ठेवली. घ्यायला मी हात पुढं केला होता, पण त्यांनी ती हातात दिली नाही. धारेची वस्तू हातात दिली की भांडण लागतं, म्हणून खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, हे आमच्या आईकडेही होतं.

मी उचलली आणि कापायला लागलो. चार चकत्या झाल्या असतील, वहिनींनी नामदेवकडे बघितलं आणि हसू दाबलं.

"भाऊजी, ही विळी हाय व्हय?"

मला कळेना. मग त्यांनी माझा हात तसाच थांबवून दाखवला. सुरीचं टोक फळीवर टेकवून मी ती उभी धरली होती, धार स्वतःकडे, आणि डाव्या हातानं कांदा तिच्यावर रेटत होतो. सुरी जागची हलत नव्हती. जन्मात कधी विळीवर न बसलेला मी, पण आधी आईसमोर आणि मग उषासमोर बसून साठ वर्षं तेवढंच बघितलेलं. हातात सुरी आली की हात आपोआप विळीचं करत होता. कितीही नामांकित सुरी आणली असती तरी हेच झालं असतं.

"विळी बसलेली असती आन भाजी चालती," वहिनी म्हणाल्या. "हितं भाजी बसवायची आन सुरी चालवायची. आन विळीवर आपला पाय असतो, ती हलत न्हाई. सुरीच्या फळीवर कुणाचा पाय हाय?"

असं म्हणून त्यांनी फळी उचलून खालचं फडकं दाखवलं. ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं, चौघडी घालून पसरलेलं. फळी त्यावर हलता हलत नाही. पायाचं काम फडकं करतं. सुरी विकत घ्यायच्या आधी हे करा, असं मी प्रत्येक नवशिक्याला सांगेन. कांदा आधी उभा अर्धा करायचा आणि सपाट बाजू खाली ठेवायची, म्हणजे तो गडगडत नाही. डाव्या हाताची बोटं नखांकडून आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागं लपवायचा. सुरी उचलून आपटायची नाही, पुढं ढकलत खाली न्यायची.

माझा अंगठा काही लपायला तयार नव्हता. वहिनींनी तो बघितला, त्यावरचे तीन व्रण बघितले आणि म्हणाल्या की विळीवरून आलेल्या माणसाचा डावा अंगठाच कापतो, भाजीमागून रेटत तोच पुढं येतो म्हणून. मग स्वतःचा अंगठा पुढं केला. पेरावर आडवा पांढरा व्रण होता. खानावळीच्या आधी त्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या होत्या, तिथं उभ्याचा ओटा आणि सुऱ्याच. पहिल्याच दिवशी अंगठा कापला आणि बाकीचे आचारी हसले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, पत्रा लागला.

नामदेव ऐकत होता. "पत्रा न्हवता व्हय त्यो?" तो म्हणाला.

"न्हाई."

मी विचारलं, खोटं का सांगितलं? त्या कोबीकडे बघतच बोलल्या. "भाऊजी, वीस वर्सं लग्नाच्या पंगतीचा सैपाक केलेली बाई मी. मला कांदा कापता येत न्हाई, हे कुणाला सांगायचं? आठ दिस मोरीत जाऊन रडले. मग आला हात."

बरणीचं झाकण. अर्धा कोबी. उषाचा डावा अंगठा. मी बँकेत गेलो होतो त्या दुपारी ती एकटी ओट्यापाशी उभी राहिली असणार, माझ्या त्या ठोकळ्यातली सगळ्यात मोठी सुरी काढून. पस्तीस वर्षं रोज दोन वेळा भाजी चिरलेल्या बाईला कोबी कापता आला नाही. तो तिनं कचऱ्यात टाकला आणि मला डबा लावायला सांगितलं. मी इकडं तिचं मन रमवायला भाजी शिकत होतो. विळी माळ्यावर टाकताना तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

वहिनींनी विचारलं, सुरी नक्की कुणासाठी बघताय? दोघांसाठी, असं मी म्हणालो. घरात एकच नवशिका आहे असं मी धरून चाललो होतो, ते चुकलं होतं. मग त्यांनी सांगितलं ते वेगळंच. विळीवरून येणाऱ्या बाईला वीतभराहून लांब पातं नको, जड पोलाद नको. मूठ लाकडी आणि जाड हवी, पात्याच्या पोटाला थोडा बाक हवा, म्हणजे ढकलायची सवय कामाला येते. आणि ओट्याशी उभं करायचं नाही, जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसवायचं. अशी सुरी संचात मिळत नाही, पौडला लोहारांकडे मिळते. मला जेवायला बसवलं, पण थाळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. नामदेव मला निरोप द्यायला उठला नाही, तो खाली बसून कोबीची वरची पानं सोलत होता.

लवळ्याहून पौडला अर्धा-पाऊण तास धरा. एसटी स्टँड आणि तहसील कचेरी जवळजवळ असल्यानं रस्त्यावर फायली घेतलेली माणसं कायम. त्यातून वाट काढत पुढं गेलं की कडेला लोहारांची पालं दिसतात. खुरपी, कोयते, विळे, विळ्या, सगळं पोत्यावर मांडलेलं. मला हव्या तशा सुऱ्या सहा-सात होत्या. लोहारीण एकेक उचलून माझ्यासमोर पोत्यावर ठेवत होती, हातात तिनंही दिली नाही. प्रत्येक सुरी मला बरी वाटत होती. शेवटी तिलाच धरून बघायला सांगितलं, कारण तिचा हात उषाएवढाच होता.

"कुणाला पायजे?" तिनं विचारलं. बायकोला, म्हटलं.

"मग तिलाच का न्हाई आणली?"

 तिनं तिसरी सुरी निवडली, बाभळीच्या मुठीची, आणि गाजर कापून दाखवलं. लोखंड आहे, चिरून झालं की लगेच पुसायची, ओली ठेवली की गंज धरते आणि लिंबानं काळी पडते, असंही सांगितलं. एकशे ऐंशी रुपये. घासाघीस न करता केलेली माझी ही पहिली खरेदी असावी. समोरच्या भाजीवालीकडून घट्ट बघून कोबी घेतला आणि स्कूटर फिरवली. येताना घाटात काहीच गर्दी नव्हती.

घरी उषा सोफ्यावर होती. मी जेवणाच्या टेबलावर फडकं ओलं करून पसरलं, फळी ठेवली, कोबी अर्धा केला आणि पौडच्या सुरीनं चिरायला बसलो. शिकवलेलं सगळं लवळ्यालाच राहिल्यासारखं झालं. अंगठा पुन्हा पुढं येत होता. ती लांबून बघत होती. थोड्या वेळानं काठी टेकत आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. मी कापता कापता हिरा वहिनींचं सांगितलं. अंगठा कापला तेही, आचारी हसले तेही, घरी पत्रा लागला म्हणून सांगितलं तेही. झाकणाचा विषय काढला नाही. विळीबद्दल मात्र चुकलो म्हणालो. न विचारता टाकायला नको होती.

तिनं फळीवरचे जाड तुकडे बोटानं बाजूला केले. मग तिनं विचारलं, "किती दिवस लागले त्यांना?"

"आठ," मी म्हणालो.

मी सुरी पुसली आणि मुठीकडून तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतला. मला वाटलं, संपलं.

"हातात नका देऊ," ती म्हणाली. "ठेवा तिथं."

मी ठेवली. तिनं उचलली.

हे लिहितोय तो सातवा दिवस. अकरातल्या आठ सुऱ्या माळ्यावर विळीच्या शेजारी आहेत आणि ठोकळ्यात आता लाटणं उभं राहतं. मोठी सुरी मी वापरतो, पौडची तिची. तिचा कोबी पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा जाड होता, काल माझ्याहून पुष्कळ बारीक झाला, तरी दोऱ्यासारखा नाही आणि ते तिला मान्य नाही. काल संध्याकाळी तिनं स्वतः फोडणी घातली, बसून दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी माझ्याकडून घेतली. बाहेरून आलेला स्टीलचा पाच पुडांचा डबा टेबलावर न उघडता तसाच होता. डबा बंद करायला फोन करू का, असं मी विचारलं.

"दोन दिवस थांबा," ती म्हणाली. "आठ होऊ देत."